हुकलेला अंक

आमच्या घरात आलेल्या एकाही कादंबरीचे सगळे भाग आम्हाला कधी मिळाले नाहीत. नात विचारते, "आजी, तू लिहायला कुठे शिकलीस?" तिला वाटतं, असेल कुणी मास्तर, असेल एखादा वर्ग. मी म्हणते, "कर्जतच्या ओटीवर, वाल सोलता सोलता." ती हसते. हसू दे बापडी. पण मी थट्टा करत नसते. आयुष्यभर हौस म्हणून लिहिलं, त्यातलं थोडं छापून आलं, बरंचसं ट्रंकेत पडलं, आणि त्या सगळ्याचं मूळ शोधायला गेले तर मी त्या ओटीवरच जाऊन पोचते.

दादा, म्हणजे माझे वडील, कर्जत स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. स्टेशनापासून भिसेगावाकडे जाणाऱ्या वाटेवर गोदाकाकूंचं घर होतं आणि त्याच्या एका बाजूच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. ओटी मात्र दोन्ही घरांची मिळून एकच. घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. पुण्याकडे जाणारी गाडी आली की घाट चढवायला मागून इंजिन लावायचे. ते लागताना धाडकन आवाज व्हायचा, फळीवरचे डबे थरथरायचे, मग पुढचं इंजिन शिट्टी द्यायचं, मागचं तिला ओ द्यायचं आणि गाडी हलायची. या दोन शिट्ट्यांवर आईचा सगळा स्वयंपाक चाले. "सुमे, शिट्टी झाली, आधण ठेव," असं ती म्हणायची. ठाण्यात माझ्या मुलाच्या घरी आता भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवतात.

तर मासिकाचं सांगते. पुण्याच्या गाडीवर कल्याणचे एक गार्ड होते, दादांचे स्नेही. त्यांची बायको एक मासिक घ्यायची. तिचं वाचून झालं की गार्डसाहेब तो अंक डब्यातून घेऊन यायचे, आणि इंजिन लागेपर्यंत गाडी उभी असे तेवढ्यात दादांच्या हाती ठेवायचे. अंकाला कोळशाचा वास यायचा, मुखपृष्ठावर काळी बोटं उमटलेली असायची. माझ्या लेखी साहित्याचा वास तो. अजूनही कोरं करकरीत पुस्तक हातात आलं की मला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. पण या व्यवस्थेत एक गोम होती. मध्येच गार्डसाहेबांची पाळी इगतपुरीच्या बाजूला लागायची, आणि मग तो महिना आम्हाला कोरडा जायचा. कादंबरी तर क्रमशः यायची. नायिकेच्या डोक्यावर झुंबर कोसळतंय तिथे 'अपूर्ण' असं छापलेलं, आणि पुढच्या खेपेला हातात पडे त्या अंकात तीच बाई मजेत विहिणीला चहा देत असायची. झुंबराचं काय झालं ते देव जाणे.

आईला ही हुरहुर सोसायची नाही. पहिल्यांदा असा अंक हुकला तेव्हा तीच म्हणाली, "सुमे, तू सांग बघू, काय झालं असेल?" मी सांगितलं. मराठी पाचवी होऊन शाळा सुटली होती, वय बारा-तेराचं, आणि झुंबराखालून माणूस कसा वाचवावा हे मला फार सोपं वाटलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तो नोकर तेव्हा कुठे होता? आधीच्या भागात तो बागेत गेला होता ना?" मी नोकराला बागेतून आणलं. तेव्हापासून आमच्या घराचा रिवाजच पडला. अंक आला की मी वाचायचं, हुकला की मी सांगायचं. आई आधी एकदा सांगून टाकायची, "आज अंक नाही हं, आज सुमीचं." आणि मग कान टवकारून बसायची. इतकी कडक परीक्षक मला पुढे कुठल्या संपादकांतही भेटली नाही.

वाचन दुपारचं, आणि हाताला काम असल्याशिवाय नाही. आमच्याकडचं काम म्हणजे मुख्यतः वाल. रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सुळकन बाहेर काढायचा. घरभर तो कडसर, ओला वास. बिरड्याला नारळ, कोकम आणि गूळ पडेपर्यंत त्या वासाचं कुणाला कौतुक नाही, पण मला तो गोष्टीचाच वास वाटतो. उन्हाळ्यात वालांच्या जागी पापड यायचे, करवंदांच्या पाट्या यायच्या. पावसात रानातली शेवळं यायची. ती चिरली की खाजरी बोटं घेऊन पान उलटवायची पंचाईत, म्हणून तेव्हा आई वाचायची आणि मी चिंचेच्या पाण्यात हात बुडवून ऐकायची. पौषात शेतावर पोपटी लागे, वालाच्या शेंगांचं मडकं जाळात उपडं व्हायचं, आणि त्या धुरकट शेंगा खात खात वाचलेलं एक ऐतिहासिक प्रकरण मला आजही धुरकटच आठवतं. वर्ष असं फिरायचं, ओटीवरचं सूप बदलायचं, गोष्ट चालू राहायची. मला अजूनही भाद्रपद लागला, तेरडा फुलला की लिहावंसं वाटतं आणि वैशाखात एक ओळ सुचत नाही. प्रतिभाबितिभा काही नाही, सवय आहे ती.

ऐकायला आम्ही पाचजणी. आई, मी, दुधाचा रतीब घालणारी भिसेगावची बायजा, गोदाकाकू आणि त्यांची सून यमूवहिनी. बायजा चरवी रिकामी करून पायरीवर टेकायची ती उठायचं नाव नाही. "वाच गं बाय, माजी म्हस काय पळून जात नाय," म्हणायची. गोदाकाकू म्हणजे लाल अलवणातली, उंच, हाडापेराची बाई. ऐन तारुण्यात नवरा गेला, एकट्या पोराला वाढवलं, खालापूरकडची भातशेती कुळांकडून स्वतः जाऊन करून घेतली, आणि ते पोर लग्नानंतर दोन वर्षांत मानमोडीच्या तापानं गेलं. काकूंना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्यापुढे खोतही खाली बघून बोलायचा. मला तर त्या नुसत्या खाकरल्या तरी धडकी भरायची.

यमूवहिनी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिचे केस काकूंनी राखले होते. भाऊबंदांनी त्यावरून काय काय बोलणी लावली, तेव्हा काकूंनी एवढंच सांगितलं, "माझे गेले तेवढे पुरे." पण त्यापलीकडे काही नाही. यमूवहिनीचा भाऊ पुण्याला होता. तिथे बायकांना शिकवून मास्तरीण करणारी एक शाळा होती, राहायची सोय होती, आणि तो दोनदा येऊन काकूंना विनवून गेला होता. दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, "परक्या गावात तरणी बाई एकटी? उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" यमूवहिनी विहिरीवर गेली आणि दोन घरांचं पाणी भरून आली. आई त्या रात्री दादांना म्हणाली, "ही पोरगी वाळत चाललीय हो." खरंच वाळत होती. वाल सोलता सोलता मध्येच तिचे हात थांबायचे आणि ती कुठेतरी बघत राहायची.

त्या वर्षी मासिकात जी कादंबरी चालू होती तिची नायिका शांता, भावाच्या घरी राहणारी विधवा. भावजय छळते, जेवणावरून बोलते, आणि भाद्रपदातल्या अंकाच्या शेवटी शांता पहाटे कडी काढून नदीकडे निघते. अपूर्ण! बायजानं कपाळावर हात मारला. काकू जाताना दारात वळून म्हणाल्या, "आला अंक की मला हाक मार." आणि नेमकी गार्डसाहेबांची पाळी इगतपुरीला लागली.

पुढे जे झालं त्यात खोटेपणा कुणाचाच नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्या दुपारी मी रीतीप्रमाणे सांगायला बसले. आईनं सुरुवातीला "आज सुमीचं" म्हटलंही, पण काकू तेव्हा आल्याच नव्हत्या, कुळाशी बोलत अंगणात उभ्या होत्या. बायजा चरवी विसळायला गेली होती. दोघी आल्या तेव्हा माझी शांता नदीवर पोचली होती. मी जुनाच अंक मांडीवर उघडून ठेवलेला, सवयीनं. अक्षर न येणाऱ्या बाईनं काय समजावं?

माझी शांता नदीत उतरली नाही. मला ते सुचलंच नाही. ती नदीकाठानं चालत राहिली, नाव मिळाली तिथे पलीकडे गेली, आणि शहरात एका शाळेत जाऊन म्हणाली, मला शिकायचंय. मी रंगत गेले. तिच्या खोलीला मी पूर्वेची खिडकी दिली. तिला मास्तरीण केलं. मग तिची सासू तिला बघायला आली, आणि शांतेनं स्वतःच्या हातानं वरणभात आणि वालाचं बिरडं करून तिला वाढलं. काकू मध्ये मध्ये विचारत होत्या. "रात्री दाराला आतून कडी होती का?" मी म्हटलं, होती. "आजारी पडली तर बघायला कोण?" मी म्हटलं, शेजारच्या खोलीतली मैत्रीण. "एकादशीला फराळाचं मिळायचं?" मी म्हटलं, साबुदाणा आणि दूध. एवढी बारकाईनं विचारणारी श्रोती मिळाल्यावर मी काय थांबते! यमूवहिनी मान खाली घालून सोलत होती. तिनं आईचं 'आज सुमीचं' ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही.

दोन दिवसांनी काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "रमे, तुझ्या ह्यांना सांग पुण्याला कळवायला. दिवाळीनंतर शाळा उघडते ना, यमूच्या भावाला म्हणावं येऊन घेऊन जा. ती मासिकातली पोर गेली, तिचं बरं झालं. छापून आलंय म्हणजे कुठेतरी झालं असणारच की नाही?" आईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. काकू गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. "अगं बाई, ह्यांना ते खरं वाटलं!" दादा म्हणाले, सांगून टाक. आई म्हणाली, सांगितलं तर ती पोरगी आयुष्यभर ह्या ओटीवर वाल सोलेल. दादा म्हणाले, मग नको सांगू. आई म्हणाली, आणि उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? त्या दोघांचं तीन दिवस हेच चाललं होतं. माझी पाचावर धारण बसलेली. तोवर दादांनी पत्र टाकलं, यमूवहिनीच्या भावाचं उत्तर आलं, दिवस ठरला, यमूवहिनी गुणगुणत पाणी भरायला लागली. तिचा गळा इतका गोड आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दिवाळी झाली आणि गार्डसाहेब परतले. हुकलेला अंक आणि नवा अंक, दोन्ही एकदम. दादांनी ते घरी आणले ते पिशवीत झाकून, चोरीचा माल आणल्यासारखे. मी अधाशासारखे वाचले आणि मला रडू फुटलं. छापील शांता नदीत उतरली होती. सकाळी कोळ्यांना तिचं लुगडं सापडलं होतं. पुढचं पानभर लेखकानं समाजाला चार शब्द सुनावले होते.

यमूवहिनीचा भाऊ दुसऱ्या दिवशी यायचा होता. आणि त्या दुपारी बायजानं मी परत दादांच्या पिशवीत कोंबलेला अंक डोकावताना पाहून ओटीवरूनच हाळी घातली, "काकू, अंक आला बरं का! चला लवकर!" काकू आल्या, यमूवहिनी आली, सूप मध्ये आलं. मी आईकडे पाहिलं. माझ्या मनात होतं, सरळ दुसरंच काहीतरी वाचावं. आईनं ते ओळखलं असणार. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सुमे, जे आहे ते वाच."

मी वाचलं. नदी आली, पाणी आलं, लुगडं आलं. बायजा पायरीवरून अर्धी उठली. "आं? शांती मेली? आसं कसं गं? गेल्या बारीला तर मास्तरीण झाली व्हती ना ती? सासूला जेवाय नाय का वाढलंन?"

काकूंनी चिमटीतला वाल पाण्यात टाकला. "रमे," त्या म्हणाल्या, "काय भानगड आहे?"

आईनं सांगितलं. काही लपवलं नाही. अंक हुकला की ही सांगते, त्या दिवशी तुम्ही मागाहून आलात, तुमचा गैरसमज झालेला कळला आणि माझा तोंड उघडायचा धीर झाला नाही, असं सगळं. यमूवहिनीचं गाठोडं आत बांधून तयार होतं. ती उठून उभी राहिली, बहुतेक ते सोडायला.

"बस खाली," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे लिहिणारा कोण? बाई का पुरुष?"

"पुरुष," मी म्हटलं.

"तरीच." काकूंनी हात पदराला पुसले. "अगं, मी गेले होते नदीवर. यमू, तुला सांगितलं नाही कधी. कुणालाच नाही सांगितलं. तुझा नवरा पाळण्यात होता, मी तुझ्यापेक्षा लहान होते, आणि ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता. पहाटेच गेले. कंबरभर पाण्यात उतरले. आणि तिथे उभं राहिल्यावर आठवलं, चुलीवर दूध ठेवून आलेय. उतू गेलं तर सासूबाई बोलतील. म्हणून फिरले. दुसरं काही नाही. कुणी वाचवायला आलं नाही, देवबिव दिसला नाही. दूध आठवलं. घरी येते तो दूध नुकतंच वर येत होतं. उतरवून ठेवलं, पोर रडत होतं त्याला घेतलं, आणि झालं. जगले मी!"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बायजानं पदर तोंडाशी धरला होता.

"बायका परत येतात," काकू म्हणाल्या. "सगळ्या नाही येत. पण येतात. ते ह्या मेल्याला कुणी सांगितलं नाही, आणि ह्या एवढ्याशा पोरीला न सांगता कळलं. हिचंच खरं आहे. यमू, गाठोडं सोडायचं नाही. उद्या जायचं." मग एकदम त्यांना राग आला. काकूंना जीव भरून आला की रागच यायचा. "आणि काय गं सुमे, ती सासू एवढी गरीब गाय कशाला केलीस? सून गेली आणि ही आपली गोडगोड जेवायला जाते! एवढी सोपी नसते सासू. पुढच्या वेळी नीट कर."

माझ्या आयुष्यात मला मिळालेला पहिला अभिप्राय हा. त्यानंतर लोकांनी बरंच म्हटलं, बरं म्हटलं, वाईट म्हटलं, एकदा एका सभेत हारही घातला. पण कुणीतरी माझ्या शब्दावर आपल्या घरातलं माणूस गाडीत बसवावं, आणि शब्द माझा आहे हे कळल्यावरही उतरवू नये, एवढं दान दुसऱ्या कुणी माझ्या पदरात टाकलं नाही. मी आज ऋण म्हणून मानते ते दोघींचं. काकूंचं, आणि "जे आहे ते वाच" म्हणणाऱ्या माझ्या आईचं. त्या दिवशी मी दुसरं काही वाचलं असतं, तर काकूंना त्यांचं दूध कधीच सांगावं लागलं नसतं, आणि आम्हाला कुणालाच ते कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी स्टेशनात गेलो. यमूवहिनी डब्यात बसली, तिचा भाऊ बसला. काकू फलाटावर लांब, अंग चोरून उभ्या होत्या, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं निघत्या माणसाच्या समोर येऊ नये म्हणून. यमूवहिनीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि "सासूबाई, इकडे या ना," म्हणाली. काकू नाही म्हणाल्या. ती पुन्हा म्हणाली. शेवटी ती स्वतःच उतरली, काकूंच्या पाया पडली, त्यांना समोर तोंड करून उभं केलं आणि मग जाऊन बसली. मागचं इंजिन लागलं, शिट्ट्या झाल्या, गाडी पळसदरीकडे वळली. काकू रडल्या नाहीत. "चला, वाल भिजत पडलेत," म्हणाल्या.

दुपारी सूप घेऊन त्या ओटीवर आल्या. आज पाचांतली एक जागा रिकामी होती. नवा अंक मी जवळच ठेवला होता, त्यात दुसरी गोष्ट सुरू झाली होती. मी तो उघडला. काकूंनी हात लांब करून तो मिटवला आणि बाजूला सरकवला.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसता दाणा चिमटीत घेतला. "तू सांग. आता पोचली असेल का गं ती? खोलीला पूर्वेची खिडकी मिळाली का?"

मी सांगायला लागले.